दिवाळीची गर्दी आणि उभा विक्रेता

दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस कापडाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. एका साडीसाठी गिऱ्हाईक वीस साड्यांच्या घड्या मोडायला लावते आणि काही न घेताच उठते. त्या घड्या पुन्हा घालणाऱ्याने हसतमुख राहावे, अशी मालकाची अपेक्षा असते. अपेक्षा गैर नाही. परंतु सकाळी दहापासून उभ्या असलेल्या माणसाकडून रात्री नऊ वाजता ती बाळगणे अन्यायाचे आहे. त्याच्या तुटक उत्तराला उर्मटपणा म्हणून ग्राहक मोकळा होतो. पुष्कळदा तो निव्वळ थकवा असतो.

केरळने २०१८ मध्ये व तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे मालकांवर बंधनकारक केले. एका साध्या स्टुलासाठी कायदा करावा लागावा, हेच लाजिरवाणे! सणापुरती दोन माणसे वाढवली, जेवणाला पाळीपाळीने सोडले, तरी बरीच वादावादी टळेल.

राहिला प्रश्न खरेदीनंतरचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल बिलातील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तरीही ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी भिंतीवर असतेच. ती दाखवून ग्राहकाचे बोल ऐकण्याचे काम पुन्हा त्याच विक्रेत्याकडे येते. मालक गल्ल्यावर बसलेला असतो.