नोंदींची भाषा एक हवी

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला. ११ तारखेला बनावट कार्डांच्या साहाय्याने देशोदेशींच्या एटीएममधून आणि १३ तारखेला हाँगकाँगमधील खात्यात वळवून एकूण सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. पैसे काढण्याच्या विनंत्यांना बँकेची मूळ यंत्रणा नव्हे, तर मध्येच बसवलेली तोतया यंत्रणा मंजुरी देत होती. अशा वेळी तपास उभा राहतो तो संगणकांनी ठेवलेल्या नोंदींवर. कोण, कधी, कुठून आत शिरला हे त्यातूनच कळते.

रुग्णाच्या तक्त्यावर प्रत्येक परिचारिकेने आपापल्या घड्याळाप्रमाणे आणि आपापल्या खुणांनी ताप लिहिला, तर डॉक्टर निदान कसे करणार? संगणकांचेही तसेच होते. १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कलीत ‘सिसलॉग’ तयार केले. ते जगभर पसरले, पण नियम लेखी नव्हते. २००१ मध्ये रूढ पद्धत कागदावर आली. तिच्या वेळेच्या नोंदीत महिना, तारीख, तास होते. वर्ष आणि कोणत्या देशाची वेळ, हे नव्हते. २००९च्या मानकाने ती उणीव भरून काढली. गांभीर्याच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या मात्र कायम राहिल्या; शून्य म्हणजे सर्वांत गंभीर.

नोंद जाळ्यावरून दुसरीकडे का पाठवायची? कारण चोर घरात शिरला की आधी वही फाडतो. ती आधीच दुसऱ्या यंत्रावर पोचलेली असेल तरच पुरावा उरतो. जुनी पद्धत साध्या टपालासारखी आहे: पोच नाही, वाटेत कोणीही वाचावे. कूटबद्ध मार्ग आज उपलब्ध आहे. तोच वापरायला हवा.

सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये नोंदी १८० दिवस जपण्याचा आणि घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळवण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा हल्ल्याने कोलमडली आणि रुग्णनोंदणी हाताने करावी लागली. शहरातील लहान रुग्णालये आणि पतसंस्था यांनी यातून धडा घ्यावा. नवी यंत्रणा खरेदी करताना निविदेतच प्रमाणित नोंदींची अट घालावी. त्या नोंदींत रुग्णाचे नाव, आजार किंवा कार्ड क्रमांक येणार नाही, हेही पाहावे. आणि त्या रोज वाचण्यासाठी जबाबदार माणूस नेमावा. न वाचलेली नोंद चोरी थांबवत नाही.