आधी दुरुस्ती, मग खरेदी

आमच्या घरात एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. २००९ साली भाच्यासाठी घेतलेली, स्ट्रॅटोकॅस्टरच्या आकाराची, नवशिक्यांना परवडेल अशी साधी नक्कल. भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला, गिटार कपाटावर पडून राहिली. आता माझी मुलगी ती वाजवते. प्रश्न असा आहे की, या गिटारीवर पैसे घालायचे की ती कुणाला तरी देऊन नवी घ्यायची?

प्रश्न घरगुती आहे, पण त्यावर मिळालेले सल्ले घरगुती नाहीत. आज आपल्या समाजात वस्तूंबद्दल जी विचारपद्धती रुजली आहे, तिचे ते नमुने आहेत. पहिला सल्ला दुकानदाराचा : "सर, हिच्यात काही राहिलं नाही. अठरा हजारांत नवी येईल, हप्ते पाडून देतो." दुसरा सल्ला जाणकार मित्रांचा : "वाद्यात काय आहे, सगळं बोटांत असतं. रियाज करायला सांगा." माझे म्हणणे असे आहे की हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि दोन्हींची किंमत शिकणारे मूल मोजते.

दुसरा सल्ला आधी घेतो, कारण तो ऐकायला उदात्त वाटतो. आमच्या गिटारीच्या बाराव्या पडद्यावर तार चार मिलिमीटर वर होती. ती साधारण दोन मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. तार इतकी उंच असली की ती दाबायला जोर लागतो, बोटे सोलतात. त्याहून वाईट म्हणजे दाबताना तार ताणली जाते आणि स्वर चढतो. मोकळी तार सुरात, दाबलेली तार बेसूर. मुलीला वाटत होते की तिचाच कान कच्चा आहे. वीस वर्षे वर्गात उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, "मला जमतच नाही" हे वाक्य मुलाच्या मनात एकदा बसले की ते काढायला वर्षे जातात. फाटक्या पुस्तकातून वाचणारे मूल अडखळले, तर दोष पुस्तकाचा असतो. तिथे मेहनतीचा उपदेश करणे म्हणजे आपली जबाबदारी टाळणे आहे.

आता दुकानदाराचा सल्ला. 'नवी घ्या' म्हणणारा एक गोष्ट सांगत नाही : नव्या गिटारीलाही हेच सगळे करावे लागते. गिटारीची मान लाकडाची असते. तारांचा ताण आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी ती हलते. म्हणून मानेच्या आत लोखंडी सळई बसवलेली असते, ती किल्लीने फिरवून मानेचा बाक नीट करतात. मग तारांची उंची, मग प्रत्येक तारेची लांबी. बारावा पडदा तारेच्या निम्म्यावर असतो. त्यावर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात यायला हवा. तो चढा आला तर घोडीवरचा तारेचा टेकू मागे सरकवायचा, उतरता आला तर पुढे. एक स्क्रू ड्रायव्हर, एक किल्ली आणि तासभर धीर, इतकेच लागते. हे ज्याला माहीत नाही, त्याची अठरा हजारांची गिटारही दोन पावसाळ्यांनंतर 'खराब' होणार.

काही जण मधला मार्ग सुचवतात : निदान पिकअप बदला, आवाज सुधारेल. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. फॅराडेने १८३१ साली दाखवलेल्या तत्त्वावर ते चालते. महाग पिकअपने आवाज बदलतो, हे मी नाकारत नाही. पण तार मुळात बेसूर असेल, तर महाग पिकअप तो बेसूरपणाच अधिक स्वच्छ ऐकवील. शिवाय घरातला छोटा स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर त्यातला बराचसा फरक खाऊन टाकतो. म्हणून तो खर्च सर्वांत शेवटी.

आमचा निर्णय असा झाला : नव्या तारा, मानेची आणि उंचीची जुळणी, खरखर करणाऱ्या बटणांची सफाई, एक नवा जॅक. एकूण दोन हजार तीनशे रुपये. पिकअप जुनेच ठेवले.

याचा अर्थ जुने ते सगळे जपा, असा मुळीच नाही. मान पिळली असेल, आतली सळई तुटली असेल, पडदे झिजून सपाट झाले असतील, तर एक रुपयाही घालू नये. माझा हिशेब सोपा आहे : दुरुस्तीचा खर्च चांगल्या जुन्या गिटारीच्या निम्म्या किमतीवर गेला की थांबावे. पण 'खराब आहे' हे आधी तपासून ठरवावे, दुकानदाराच्या तोंडून ऐकून नव्हे.

हे शहाणपण परदेशातून आणायची गरज नाही. मिरजेला जाऊन पाहा. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तिथे सतार-तंबोऱ्याचे कारागीर झाले. त्यांच्या हुनराला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची जवारी बिघडली म्हणून कोणी गवई तंबोरा फेकत नाही. तो जवारी काढून घेतो, आयुष्यभरात अनेकदा. आणि परदेशातलेच उदाहरण हवे असेल तर ब्रायन मे पाहा. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा हा 'क्वीन'मधला साथीदार. त्याने १९६३ मध्ये वडिलांसोबत जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून गिटार घडवायला घेतली आणि जगभर तीच वाजवली.

आपल्या मोहल्ल्यांतून रेडिओवाले गेले, घड्याळवाले गेले, पेटी दुरुस्त करणारे गेले. शाळांत संगणक येतात, बिघडतात आणि खोलीला कुलूप लागते, कारण खरेदीसाठी मंजुरी असते, दुरुस्तीसाठी माणूस नसतो. त्याच वेळी आपली मुले काम नाही म्हणून नाक्यावर उभी असतात. हुनर संपले की माणसाच्या हाती फक्त हप्ते उरतात.

तेव्हा पालकांना माझे सांगणे इतकेच : मुलाने नवे वाद्य मागितले तर त्याला नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. आधी त्याला आहे ते वाद्य उघडून जुळवायला शिकवा, किंवा ज्याला येते त्याच्याकडे पाठवा. जुळवलेल्या वाद्यावर सहा महिने वाजवून मग त्याने स्वतः सांगावे की काय कमी पडते. ज्या मुलाला हे नेमके सांगता येईल, त्याच्यासाठी नवी गिटार जरूर घ्या.