बुजलेला तळखडा

जीर्णोद्धार झालेल्या जुन्या कौलारू देवळात गेलात, तर सभामंडपातल्या लाकडी खांबाच्या पायाशी जरा वाकून बघा. दगडी तळखडा दिसतो का? पुष्कळ ठिकाणी तो आता दिसत नाही. चकचकीत फरशी थेट लाकडाला भिडलेली असते. फट राहू नये म्हणून खांबाभोवती पांढरं सिमेंट भरून, बोटाने गुळगुळीत करून ठेवलेलं असतं. काम नेटकं दिसतं. खांब कुजायची सोय त्याच कामाने केलेली असते.

तळखडा कुठे गेलेला नाही, तो फरशीखाली आहे. आधी सारवलेली जमीन होती. मग कोबा झाला, मग शहाबादी बसली, मग मोझेक, आता ग्रॅनाइट. जुनं उखडायचा खर्च आणि धूळ नको म्हणून प्रत्येक थर आधीच्या थरावर चढला. दर खेपेला जमीन इंच-दोन इंच वर आली. बुटका दगड गिळायला असे तीन-चार थर पुरतात.

तो दगड शोभेसाठी ठेवलेला नव्हता. लाकडाच्या नळ्या उभ्या धावतात. म्हणून खांब अंगावरून जेवढं पाणी घेतो त्याच्या कितीतरी पट पाणी तो कापलेल्या टोकातून ओढतो. खांबाचं कापलेलं टोक म्हणजे त्याचा तळ. तो तळ ओल्या जमिनीपासून वर राहावा, फरशी धुतली तरी पाणी दगडाच्या कडेनं खाली जावं, भोवती वारा खेळावा, एवढंच काम तळखड्याचं. ते त्यानं शंभर-दीडशे वर्षं चोख केलं.

आता उलट झालं आहे. लाकूड ऋतूप्रमाणे आकसतं आणि फुगतं, सिमेंट तसं हलत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात दोहोंमध्ये केसाएवढी फट पडते. रोज धुतल्या जाणाऱ्या फरशीचं पाणी तिच्यातून आत शिरतं. बाहेर यायला त्याला वाट नसते, कारण वरून खांबाला तपकिरी ऑइलपेंटचे चार हात दिलेले असतात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी त्यावर वाढत नाही. वीसच्या बरंच वर जाऊन तो तिथेच टिकला की ती फोफावते. वाळवीलाही जमिनीतून थेट लाकडात जायला आडोसा मिळतो. पूर्वी तिला उघड्या दगडावरून मातीची नळी बांधत यावं लागे आणि झाडणाऱ्या बाईच्या नजरेला ती पडे. आता ती कुणालाच दिसत नाही. रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत असतो. पायाजवळ अंगठा दाबला की तो आत जातो आणि भुसा हाताला लागतो.

मग विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं: लाकडाचं वय झालं. हे वाक्य खोटं आहे. लाकूड वयाने कुजत नाही, ओलीने कुजतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे २,००० वर्षं जागेवर आहेत. लोणावळ्याचा पाऊस बाहेर कोसळत असतो. त्या कमानींना ना तो लागतो, ना जमीन. नॉर्वेतल्या सुरुवातीच्या लाकडी चर्चांचे खांब जमिनीत पुरलेले होते, ते कुजले. पुढच्यांनी खांब दगडी पायावरच्या आडव्या तुळयांवर उभे केले. त्यांतलं उर्नेसचं चर्च बाराव्या शतकापासून उभं आहे.

दुसरी पळवाट रसायनाची. रसायनं निरुपयोगी नाहीत. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं जे मिश्रण जगभर विजेच्या खांबांना वापरलं गेलं, ते १९३३ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी शोधलं. पण ते मिश्रण बंद टाकीत दाब देऊन लाकडात भरावं लागतं. उभ्या खांबाला ब्रशने चोपडलेलं औषध कातडीपुरतं राहतं. त्यातही सागाचा गाभा असली द्रावणं आत घेतच नाही. बोरॅक्स-बोरिकचं द्रावण ओल्या लाकडात पसरतं खरं, पण सतत पाणी लागत राहिलं तर त्याच पाण्याबरोबर धुऊनही जातं. खांबाचा पाय ओलाच ठेवून वर्षाला फवारणीचं कंत्राट देणं म्हणजे गळकं कौल तसंच ठेवून खाली घमेलं मांडणं.

आणि खांब गेला की पुढचं ठरलेलं: लाकूड काढा, आरसीसी करा. एकसंध सागाचा, कोरीव हस्तांचा मंडप जातो. तशा जाडीचा जुना साग आज कितीही पैसे मोजले तरी सहजी मिळत नाही. पायातला हातभर भाग कुजला म्हणून वरचे दहा फूट ठणठणीत लाकूड भंगारात काढायचं, हे मला पटत नाही. जपानात कुजलेला पाय तेवढा कापून, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्यात बसवून खांब पुन्हा उभा करण्याचं काम सुतार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. टेकू द्यायचे, कुजकं कापायचं, नवा पाय जोडायचा. आपल्या सुतारांच्या आवाक्याबाहेरचं त्यात काही नाही. त्यांना तसं सांगणारा मात्र कुणी हवा.

जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात फरशीचा दर असतो, कळसाचा असतो, रंगाचा असतो. जुनी फरशी मूळ पातळीपर्यंत उखडण्याचा दर क्वचितच असतो. तो पहिल्या ओळीत यायला हवा. नवी फरशी तळखड्याच्या दगडाला टेकून थांबली पाहिजे, लाकडाला ती कुठेही लागता कामा नये. खांबाला ऑइलपेंटऐवजी तेलाचा हात द्या, म्हणजे आतली ओल बाहेर पडेल आणि कुज सुरू झालीच तर दिसेल. ज्या देवळांत ग्रॅनाइट आधीच बसलं आहे, तिथे पुढच्या मिरगाच्या आत प्रत्येक खांबाभोवतीची फरशी चारी बाजूंनी कापून तळखडा मोकळा करावा. चार लाद्या वाया जातील. त्या जाऊ द्याव्यात.