रुमाल टाकून धरलेल्या जागा

‘अगं, तू बघ ना जरा. तुम्हा मुलांना कळतं यातलं!’

कुठल्याही छोट्या ऑफिसात पाय ठेवा, आठवड्याभरात हे वाक्य तुमच्या वाट्याला येणारच. इंटर्न असा, आर्टिकलशिप करत असा, नाहीतर ओळखीनं सुट्टीत चार पैसे कमवायला गेलेले असा. वयानं लहान म्हणजे कंप्युटरमधली जाणकार, हे समीकरण आपल्याकडे पक्कं आहे. आणि आपणही ‘हो, बघते’ म्हणत उठतो. नक्की काय बघायचं, हे माहीत नसतानाही.

मीही अशीच उठले होते. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका करसल्लागारांच्या ऑफिसात डेटा एन्ट्रीला जात होते. जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्न भरायची ३१ तारीख डोक्यावर. सगळ्या क्लायंटच्या फाइली एका जुन्या पीसीवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवलेल्या. त्या दुपारी तो फोल्डर काही जणांना उघडेचना. स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी येत होत्या. अर्थ असा, की या कंप्युटरला जितकी कनेक्शन घेता येतात तितकी आधीच झाली आहेत, आता आणखी जमणार नाही. मी त्या ओळी वाचल्याच नाहीत. ‘ओके’ दाबलं आणि सगळ्या जगाला ठाऊक असलेला उपाय केला. तो पीसी रीस्टार्ट केला.

फोल्डर उघडला. मला शाबासकीही मिळाली. दहा मिनिटांनी पलीकडच्या टेबलावरून काकूंचा आवाज आला, ‘अगं, माझं सेव्हच होत नाहीये गं.’ त्यांची एक्सेल शीट त्याच फोल्डरमधून उघडलेली होती आणि मधला दोर मी कापून टाकला होता. त्यांनी गोंधळून शीट बंद केली आणि सकाळपासूनची सगळी आकडेमोड गेली. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. साडेआठपर्यंत बसून त्यांनी ती पुन्हा केली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच दोन ओळी पुन्हा स्क्रीनवर हजर!

या वेळी मी त्या वाचल्या. मग कळलं, की तो पीसी बिघडलेला नव्हताच. तो भरला होता.

आपण घरी-ऑफिसात वापरतो ते विंडोज एका माणसाच्या टेबलासाठी बनवलेलं असतं. त्यावरचा फोल्डर इतरांना देता येतो, पण मोजूनमापून. विंडोज १० आणि ११ च्या परवान्यात ही मर्यादा २० आहे. जुन्या एक्सपी प्रोफेशनलमध्ये ती १० होती, एक्सपी होममध्ये तर फक्त ५. त्याहून जास्त जणांना एकाच जागेवरून फाइली द्यायच्या असतील, तर कंपनी सर्व्हरसाठीचं वेगळं विंडोज विकते. म्हणजे हा दोष नाही, हा व्यवहार आहे. महिन्यातून दहा वेळा रीस्टार्ट केलं तरी तो बदलत नाही.

आणि २० म्हणजे २० माणसं नव्हेत. आमच्याकडे मी मोजलं. चौदा टेबलांवरचे पीसी, आर्टिकलच्या मुलांचे चार लॅपटॉप, स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकणारं झेरॉक्स मशीन आणि सरांचा लॅपटॉप. झाले वीस! जुलैपुरत्या कामाला आलेल्या आम्ही दोघी एकविसाव्या आणि बाविसाव्या. अडचण दर जुलैतच का येते, हे कोडं तिथेच सुटलं.

पुढची गंमत तुम्हाला एसटीमुळे लगेच कळेल. गाडी स्टँडवर लागली, की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे असतात ना? रुमाल सीटवर आणि माणूस चहाच्या टपरीवर. नेटवर्कवर तेच चालतं. फोल्डर उघडून काही न करता बसलं, तर विंडोज नेहमीच्या सेटिंगनुसार १५ मिनिटांनी ते कनेक्शन स्वतःहून सोडतं. पण तुम्ही फाइल उघडी ठेवून जेवायला गेलात, तर जागा धरलेलीच राहते.

रुमाल कोणाचे आहेत ते बघता येतं. ज्या पीसीवर फोल्डर आहे, तिथे ‘कंप्युटर मॅनेजमेंट’ उघडा. त्यात ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्याखाली ‘सेशन्स’. कोण जोडलेलं आहे, त्यानं किती फाइली उघडल्यात आणि किती वेळ हात लावलेला नाही, सगळी यादी समोर येते. ज्याच्या नावापुढे उघडी फाइल नाही, त्याचं सेशन तेवढं बंद करा. फाइल उघडी असेल, तर उठा आणि त्या टेबलापाशी जाऊन विचारा, ‘सेव्ह केलंय का?’ मी त्या दिवशी नेमका हाच प्रश्न विचारला नव्हता.

आणखी एक जागा तपासा. फोल्डरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’मध्ये एका वेळी किती जण येऊ शकतात, याचा आकडा असतो. कोणीतरी कधीतरी तिथे ५ टाकून ठेवलेला असू शकतो. तो २० पर्यंत वाढवता येतो, पुढे नाही. आणि अडचण फोल्डरची नसून एखाद्याचं नेटच लागत नसेल, तर तो वेगळा हिशेब. राउटरकडे वाटायला ठरावीक पत्ते असतात. ते संपले की नव्या लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. त्याचा अर्थ, राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. आजार कुठला ते ओळखल्याशिवाय औषध देऊ नका.

ही मर्यादा उडवून देणारे ‘पॅच’ शोधायचा मोह होईल. नका करू. एक तर परवाना मोडतो. दुसरं म्हणजे, ज्या पीसीवर शेकडो लोकांचे पॅन आणि आधारचे तपशील आहेत, त्यावर अनोळखी माणसानं बनवलेली फाइल चालवायची? तुमच्या घरचे कागद तिथे असते तर चालवली असतीत?

खरा उपाय सांगायला थोडा धीर लागतो, कारण तो खर्चाचा असतो. फाइली ठेवायला नॅस नावाची छोटी पेटी मिळते. किंवा अडगळीतल्या पीसीवर लिनक्स आणि सांबा टाकता येतं. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलनं १९९२ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात विसाचं बंधन नाही. फक्त ते बसवणारा जाणकार हवा आणि बॅकअपची शिस्त हवी. सरांना मी हे सांगितलं, तेव्हा ते आधी म्हणाले, ‘एवढी वर्षं चाललंच की!’ मी त्यांना बाविसाचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. पुढच्या वर्षी नॅस आली.

माझं म्हणणं एवढंच आहे. ‘तुम्हा मुलांना कळतं’ हे ऐकायला बरं वाटतं, म्हणूनच ‘मला माहीत नाही, पण वाचून सांगते’ हे वाक्य आपल्या तोंडून निघत नाही. आपण काहीतरी दाबतो आणि भुर्दंड दुसऱ्याच कोणाला तरी पडतो. ऑफिसांनीही जरा विचार करावा. ज्या फोल्डरवर सगळा धंदा उभा आहे, तो तात्पुरत्या कामावर आलेल्या मुलांच्या भरवशावर किती दिवस सोडायचा?

पुढच्या वेळी कोणी हाक मारली, तर जरूर उठा. आधी स्क्रीनवरच्या दोन ओळी वाचा, मोबाइलवर त्यांचा फोटो घ्या. रीस्टार्टच्या बटणाला हात लावण्याआधी मात्र ऑफिसभर ऐकू जाईल असं एकदा विचारा, ‘सगळ्यांनी सेव्ह केलंय ना?’