हिशेब मागणे हा लोकशाहीद्रोह नव्हे

“लोकांनी न निवडलेल्या सभागृहाने लोकनियुक्त सरकारला अडवावे, ही लोकशाहीची विटंबनाच!” हा युक्तिवाद दिसतो देखणा. २००६ च्या ब्रिटिश ओळखपत्र-वादात मात्र तो टिकत नाही. (हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तेव्हा ९२ वंशपरंपरागत उमरावही बसत. त्या प्रथेचे समर्थन मला करायचे नाही.)

मित्रहो, टोनी ब्लेअर सरकारची योजना केवळ कार्ड वाटण्याची नव्हती. बोटांच्या ठशांसह नागरिकांची माहिती एका राष्ट्रीय नोंदवहीत साठवायची होती. सरकारचा अंदाज होता वर्षाला ५८.४ कोटी पौंडांचा, आणि त्यात इतर खात्यांवर पडणारा बोजा धरलाच नव्हता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अहवालाने जून २००५ मध्ये दहा वर्षांचा खर्च १,०६० ते १,९२० कोटी पौंडांच्या घरात जाईल असे सांगितले. सविस्तर आकडे विचारले की मंत्री निविदांच्या गोपनीयतेकडे बोट दाखवीत.

१६ जानेवारी २००६ रोजी लॉर्ड्सने २३७ विरुद्ध १५६ मतांनी बजावले: आधी पूर्ण खर्च उघड करा, मग योजना पुढे न्या. यात जनादेशाचा अवमान कोठे झाला? तिजोरीवरचा अंतिम अधिकार कॉमन्सचाच होता. पण किंमत ठाऊक नसताना तो अधिकार वापरायचा तरी कसा?

जनादेशाची गोष्ट निघालीच आहे, तर २००५ चा मजूर पक्षाचा जाहीरनामा उघडावा. त्यात योजना प्रारंभी ‘ऐच्छिक’ होती. विधेयकात मात्र पासपोर्ट मागणाऱ्याला नोंदवहीत जाणे भाग होते. मंत्र्यांचे म्हणणे, पासपोर्ट कोणावर सक्तीचा नाही. म्हणजे जन्मभर देशाबाहेर पाऊल टाकू नका, की तुम्ही स्वतंत्र! दिलेल्या शब्दाची ही मोडतोड निवडून आलेल्यांनी केली, आणि तो शब्द पाळा असा आग्रह न निवडलेल्यांनी धरला.

लॉर्ड्सने ही सक्ती वारंवार फेटाळली. २९ मार्चला तडजोड झाली: २०१० पर्यंत कार्ड नाकारता येईल, नोंद मात्र टळणार नाही. माझ्या मते ते येथे लवकर नमले. तरीही दर सहा महिन्यांनी खर्चाचा अंदाज संसदेपुढे ठेवण्याचे बंधन कायद्यात आले.

२०१० मध्ये नव्या सरकारने योजना मोडीत काढली. तोवर २५ कोटी पौंडांहून अधिक खर्च होऊन सुमारे १५ हजार कार्डे निघाली होती. ३० पौंड भरून ती घेणाऱ्यांना परतावा मिळाला नाही.