मनात दाबलेले जाते कुठे?

विठ्ठलवाडीहून पहाटेची लोकल गाठणारा आपला माणूस दिवसभर बरेच काही गिळतो. मुकादमाची शिवी, साहेबाचा टोमणा, कधी जातीवरून मारलेला शब्द. रात्री घरी आल्यावर भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावतो. "एवढा राग कशाचा?" असे घरच्यांनी विचारले, तर म्हणतो, "मला कुठे राग आलाय?" तो खोटे बोलत असेलच असे नाही. कधी कधी त्याला खरेच ठाऊक नसते.

मनाला न सोसणारी गोष्ट आपल्या नकळत आत ढकलली जाते, याला मानसशास्त्रात दमन म्हणतात. व्हिएन्नाच्या डॉ. सिग्मंड फ्रॉईड यांनी १९१५ साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. आपल्या देशात कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ साली याच विषयावर प्रबंध लिहिला. प्रत्येक इच्छेला तिची उलटी इच्छा चिकटलेली असते, एक वर आली की दुसरी दबते, असे त्यांचे म्हणणे होते.

दमन आणि लपवणे मात्र एक नव्हे. बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला तरुण जात लपवतो, पण आपण काय लपवतो हे त्याला पक्के ठाऊक असते. दमनात माणूस स्वतःपासूनच लपवतो. दाबलेले मग दुसरीकडून वाट काढते, असे फ्रॉईड यांचे मत. आघाताची संपूर्ण आठवण अशी पुसली जाते का, यावर आजच्या संशोधकांत मोठा वाद आहे. पण अपमान गिळून घरी राग निघतो, हे आपण वस्तीत रोज पाहतो.

बंधूंनो, कारण कळले म्हणजे मारहाण माफ झाली, असे मात्र नाही. बायकोचा यात काय दोष? आणि भगिनींनो, तुम्ही गिळलेलेही कमी नसते. त्याची दखल कोण घेतो?

आमचे सांगणे एवढेच. "मुलगा असून रडतोस?" असे लेकराला म्हणू नका. जेवताना "आज मनाला काय लागलं?" असे एकमेकांना विचारा. झोप उडाली, संताप आवरेना, तर अंगारे-धुपारे न करता डॉक्टर गाठा. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरूनही मोफत सल्ला मिळतो. तिथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. ताप आला की दवाखान्यात जातो, तसेच हे.