फुटक्या आरशाच्या पलीकडे

विद्यार्थ्यांनी केलेल्या संगीतचित्रफितींत फुटका आरसा, कोमेजलेला गुलाब आणि रिकामा पिंजरा हमखास भेटतात. त्यांचे अर्थ आधीच ठरलेले असल्याने प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही. आमच्या मते वस्तू आधी वापरात यावी लागते; प्रतीक ती मागाहून होते.

डी. ए. पेनेबेकर यांनी १९६५ मध्ये चित्रित केलेल्या 'सबटेरेनियन होमसिक ब्लूज'मध्ये बॉब डिलन लंडनच्या एका गल्लीत उभा राहून गाण्यातले शब्द लिहिलेले फलक एकेक करून टाकून देतो. वस्तू म्हणावी तर साधा पुठ्ठा. पण काही फलकांवर शब्द मुद्दाम चुकवलेले आहेत. ऐकलेले आणि वाचलेले जुळत नाही. शब्दांविषयीचा अविश्वास आम्हांला त्या विसंगतीतून आणि टाकून देण्याच्या कृतीतून जाणवतो; तो वेगळा सांगावा लागत नाही.

गाण्याला ध्रुवपद असते, ही तर मोठीच सोय. शब्द तेच परततात; वस्तू मात्र दर वेळी बदलून परतू शकते. विरहगीतात पहिल्या ध्रुवपदाला चहाचे दोन कप, दुसऱ्याला त्यातला एक तसाच निवलेला, शेवटी विसळायला एकच कप. एवढे पुरे. शिक्षकांनीही 'हे कशाचे प्रतीक?' असे विचारण्याआधी 'या वस्तूचे पुढे काय झाले?' असे विचारावे.